राखाडीखालची मासळी

आमच्या वाडीवरून विमानं जातात. विमानतळ आमच्या सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, पलीकडे. मध्ये काजूची झाडं आणि एक बंद पडलेली चिऱ्याची खाण. त्या खाणीत मी जन्म काढला. जांभा दगड तासता तासता कंबर मोडली की मी मान वर करायचो, आणि कधीमधी वर विमान दिसायचं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी पक्की बघून ठेवली होती. सैन्याचं विमान असो की हेलिकॉप्टर, त्याचा रंग ढगासारखा असतो, राखाडी नाहीतर पांढरा. कारण उघड आहे. ज्याला लपायचं आहे तो भडक सदरा घालत नाही.

म्हणून अमरदीपने जेव्हा सांगितलं की त्याने नौदलाच्या हेलिकॉप्टरच्या दारावर पंख पसरलेला गरुड रंगवला, निळा आणि पिवळा, तेव्हा मी चहाची बशी खाली ठेवली.

तो रसिकाला बघायला आला होता. रसिका माझी नात, मुलाची मुलगी. मुलगा आणि सून मुंबईला. रसिका आमच्याकडे वाढली, शिकली आणि आता रत्नागिरीत एका लॅबमध्ये रक्त तपासते. मुलाने फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, तुम्ही हो म्हणालात तर हो. तुम्ही नाय म्हणालात तर मी विचारणार पण नाय." रसिकाला मुलगा आवडला होता, हे ती पोह्यांवर खोबरं घालायला विसरली त्यावरून माझ्या लक्षात आलं. म्हणजे सगळं ओझं माझ्या एका शब्दावर.

आमच्यात पत्रिका बघत नाहीत. छप्पन सालानंतर ते सगळं माझ्या बापाने गुंडाळून खाडीत सोडलं. पण पत्रिका बघायची नाही म्हटल्यावर माणूस जास्त बघावा लागतो. आम्ही एकदा कमी बघितला होता. माझी मुलगी रेणुका, तिला ज्याच्या घरी दिलं त्याने पोलिसाच्या कपड्यातला फोटो दाखवला होता. कपडे त्याच्या मावसभावाचे होते. तो स्वतः गोदामात पोती उचलायचा. पोती उचलण्यात वाईट काही नव्हतं, मी जन्मभर दगड उचलले. पण जो पहिल्याच दिवशी उसने कपडे घालून फोटो काढतो, तो पुढे काय काय उसनं आणेल ते रेणुकाने भोगलं. ती परत आली ती आजही आमच्याकडेच आहे. अंगणवाडीत शिकवते. फोटो या गोष्टीवर आमच्या घरात तेव्हापासून कोणाचा विश्वास नाही.

"रंगवला म्हणजे?" मी अमरदीपला विचारलं.

"आमच्या तुकडीला पन्नास वर्षं झाली, बाबा. त्या वर्षापुरतं एका हेलिकॉप्टरला खास रंग देतात. सगळ्या देशांची सैन्यं देतात."

"शत्रूला लांबून दिसावं म्हणून?" कमला, माझी बायको, आतून म्हणाली. ती दाराआड उभी होती. बोलायचं नाही असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

अमरदीप हसला. "तसं नाही, आजी. समारंभासाठी असतं. लग्नात नवऱ्याला कसं सजवतात."

"नवऱ्याला सजवलेलं आमी एकदा बघितलंय," रेणुका म्हणाली आणि रिकाम्या बशा घेऊन गेली.

मुलगा दिसायला बरा होता. देवरूखच्या बाजूचा, वडील नाहीत, आई सावित्री शाळेत पोषण आहार शिजवायची. ती त्याच्या शेजारी बसली होती, पण मुलगा रंगाविषयी बोलायला लागला की ती भिंतीकडे बघायची. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, तिकडे माणूस बघतोच. तरी मला ते खटकलं. आईने मुलाच्या कौतुकात मान हलवायला पाहिजे. ती हलवत नव्हती.

त्याने फोन काढून फोटो दाखवला. हेलिकॉप्टर, त्याचं दार, दारावर गरुडाची मान आणि पंख. आमच्या किनाऱ्यावर उंच झाडांवर घरटी करतो तो समुद्रगरुड. चित्र झकास होतं. पण खालच्या अर्ध्या भागासमोर तीन अधिकारी छाती काढून उभे.

"पाय दिसत नाहीत," मी म्हणालो.

"साहेबांचे?"

"गरुडाचे."

"पायात मासळी आहे, बाबा. साहेब मध्ये आले."

साहेब मध्येच का आले, हा प्रश्न मी मनात ठेवला.

ती मंडळी गेल्यावर रसिकाचा भाऊ प्रथमेश रिक्षा लावून घरी आला. त्याला मी फोटोचं सांगितलं. त्याने लगेच फोन काढून माझा एक फोटो घेतला आणि जेवण वाढेपर्यंत त्यावर काहीतरी खटपट करत बसला. मग फोन माझ्यासमोर धरला. त्यात मी होतो. बनियन, खांद्यावर टॉवेल, आणि बसलो होतो लढाऊ विमानाच्या शेपटीवर, पाय खाली सोडून.

"हे असं आता कोण पण करतं, आजोबा," तो म्हणाला. "शेपटीवर तुमचं नाव पण लिहून दाखवू?"

"नको."

रसिका ताटावरून उठली. "तू कोणाच्या बाजूचा आहेस रे, दादा?"

"मी रिक्षावाला. बाजू घेत नाय, फक्त मीटर टाकतो."

कमला एवढंच म्हणाली, "विमानावर तरी जरा नीट कपडे घालून बसायचं हुतं तुमी."

दुसऱ्या खेपेला मी अमरदीपला एकट्याला बोलावलं. खाण बघायला चल म्हटलं. खाणीत बघण्यासारखं काही नाही, तळाला पावसाचं पाणी साठतं आणि पोरं पोहतात. पण तिथे दगडावर बसलं की माणूस मोकळा बोलतो असा माझा अनुभव. शिवाय वाडीतलं कोणी मध्ये तोंड घालत नाही.

मी त्याला सगळं विचारलं. रंग कसा देतात, कोणता आधी, कोणता मग. तो न अडखळता सांगत गेला. आधी पत्रा घासायचा, मग अस्तराचा हात. मग चिकटपट्टी लावून आकार कापायचा, जो रंग नको तिथे पट्टी ठेवायची आणि फवाऱ्याने रंग मारायचा. प्रत्येक रंगाला नवी पट्टी. तो म्हणाला की पंख्याच्या पात्याला रंग देताना वजनाचासुद्धा विचार करावा लागतो, एका पात्यावर थर जाड झाला तर सगळं यंत्र थरथरतं. हे मला खरं वाटलं. खोटं बोलणारा माणूस शोभेचं खोटं बोलतो, वजनाचं बोलत नाही. पण माझ्या मनात लगेच दुसरा विचार आला. कारखान्यात नुसता झाडू मारणाऱ्यालाही एवढं ऐकून माहीत होतं.

"मग आता त्या गरुडाचं काय?" मी विचारलं.

"काढला."

"कोणी?"

"मीच. वर्ष संपलं. हुकूम आला, परत राखाडी करा. वरवर घासला आणि राखाडी मारला."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. महिनाभर खपून केलेली गोष्ट स्वतःच्या हाताने पुसायची. माझे चिरे रत्नागिरीतल्या किती घरांत बसले आहेत ते मला ठाऊक नाही, पण ते आहेत. कोणी म्हटलं भिवाने काय केलं, तर मी भिंतीकडे बोट दाखवीन. या पोराकडे दाखवायला एक फोटो, आणि त्या फोटोत पाय नाहीत.

"वाईट नाय वाटलं?"

"वाटलं. पण एका बाजूने बरंही वाटलं," तो म्हणाला आणि त्याने इकडे तिकडे बघितलं. खाणीत आमच्याशिवाय एक म्हैस होती. "एक सांगतो, कोणाला बोलू नका. त्यात माझी चूक होती. कागदावर मंजूर झालेल्या चित्रात मासळीची शेपूट खाली होती. लटकलेली. मी ती पट्टी उलटी लावली. शेपूट वर गेली, गरुडाच्या पोटाकडे. रंग मारून पट्टी सोडवल्यावर दिसलं. तोपर्यंत उशीर झाला होता, दुसऱ्या दिवशी समारंभ. साहेबांच्या लक्षात आलं नाही. सगळे वर पंखांकडेच बघत होते."

"रसिकाला सांगितलंस हे?"

"तिला कागदावरचं चित्र पाठवलंय." तो जरा लाजला. "चूक नाही पाठवली."

परत येताना मी विचार करत होतो. स्वतःची चूक सांगणारा माणूस खरा असतो, असं लोक म्हणतात. हे खोटं बोलणाऱ्यालाही माहीत असतं.

जानेवारीत त्याचा रसिकाला फोन आला. सव्वीस तारखेच्या आधी रत्नागिरीत मैदानावर शस्त्रं आणि वाहनं लोकांना बघायला ठेवणार होते, आणि नेमकं तेच हेलिकॉप्टर येणार होतं. तो स्वतः येणार नव्हता, त्याची सुट्टी नाकारली होती.

"बघा," मी म्हणालो, "हेलिकॉप्टर येणार, ते पण राखाडी. आणि रंगवणारा येणार नाय. सगळं कसं जुळून आलंय."

रसिका अंगणात कपडे वाळत घालत होती. ती चिडत नाही, तिच्या कामात चिडून चालत नाही. ओला टॉवेल झटकून ती म्हणाली, "आजोबा, आपल्या पुढच्या गडग्याच्या भिंतीवर गेल्या निवडणुकीचं चिन्ह होतं ना?"

"चुना मारला त्याला."

"चुना मारला तरी दिसतं. संध्याकाळी ऊन तिरकं आलं की अख्खं चिन्ह दिसतं. तुम्हीच शिव्या घालता. रंगावर रंग मारला की खालच्याची कड राहते. त्याने वरवर घासलंय म्हणाला. मग कड असणार."

"आणि नसली तर?"

तिने पिळलेला सदरा दोरीवर टाकला. दोरीला चिमटे लावले.

"नसली तर तुम्हाला नाय म्हणायची पण गरज नाय. मीच म्हणेन. आत्याचं बघितलंय मी."

त्या एका वाक्याने मला झोपेतून उठल्यासारखं झालं. तोवर मी समजत होतो की परीक्षा मी घेतोय.

मैदानावर गर्दी होती. शाळांच्या रांगा, बंदुकांपुढे फोटो, खाऊच्या गाड्या. प्रथमेशने आम्हाला रिक्षाने सोडलं आणि गाडी लावायला गेला तो परत आला नाही, त्याला भाडं मिळालं. हेलिकॉप्टर टोकाला उभं होतं, भोवती दोरी. मला वाटलं होतं त्याहून ते लहान होतं. आणि राखाडी. इथून तिथून राखाडी, धुतलेल्या पातेल्यासारखं. दारावर एक ओरखडाही दिसत नव्हता. ऊनही डोक्यावरचं, तिरकं नाही.

पहाऱ्याला एक तरुण जवान होता. बोलण्यावरून घाटावरचा.

"आजोबा, दोरीच्या आत यायचं नाही."

"हे पूर्वी रंगवलेलं होतं काय?" मी विचारलं.

"होय की. गरुड होता. आमच्या अमरदीपदादानं काढला होता."

रसिकाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"त्याचा फोन कधी आला तुला?" मी विचारलं.

"कुणाचा?"

"अमरदीपचा. काल की आज?"

जवान गोंधळला. "काल आला होता. पण तो रोजच येतो. जेवलास का विचारतो."

"बघ," मी रसिकाला म्हणालो.

"काय बघू?"

"साक्षीदाराला आधी फोन करून ठेवलाय."

"आजोबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बंदुकीला पण विचाराल, तू खरंच उडतेस का."

मग ती त्या जवानाशी बोलली. काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा खुलला. "वहिनी का?" असं त्याने विचारलं आणि ती म्हणाली, "ते आज ठरणार आहे." त्याने आजूबाजूला बघितलं, साहेब तिकडे तोफेपाशी होते, आणि दोरी उचलली. दारालाच हात लावायचा, दुसरीकडे कुठे नाही, आणि लवकर.

आधी मी हात लावला. दार उन्हाने तापलं होतं. मी बोटं वरून खाली नेली, आडवी नेली. काही नाही. खाणीत काम करणाऱ्याच्या बोटांना टोकाला चामडं उरत नाही, दगडच उरतो. मला गरम एवढंच कळत होतं. मोठेपणी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो तेव्हाही बाईंनी कागदावरचं उठावाचं अक्षर चाचपायला सांगितलं होतं, सगळ्यांना लागलं, मला नाही. मी डोळ्यांनी शिकलो.

"तू बघ," मी म्हणालो.

रसिकाने डोळे मिटले. शीर शोधताना ती अशीच करते म्हणे, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. बोटांची टोकं तिने दाराच्या वरच्या भागावर ठेवली आणि हळूहळू सरकवली. एके ठिकाणी थांबली, मागे आली.

"इथे काहीतरी आहे. बारीक. पण नीट घासलंय."

"पत्र्याचा जोड असंल."

"असेल," ती म्हणाली. हे तिने कबूल केलं ते मला आवडलं नाही. मला वाटलं होतं ती भांडेल.

बोट तिरकं वर गेलं, मग हरवलं. पुन्हा सापडलं, पुन्हा हरवलं. वर त्याने मन लावून घासलं होतं, लोकांची नजर जाते तिथे. तिने तो भाग सोडला आणि खाली वाकली. कागदावरचं चित्र तिच्या डोक्यात होतं. पंखांखाली पाय, पायात मासळी, मासळीची शेपूट खाली लटकलेली. ती बरोबर तिथे शोधत होती जिथे शेपूट असायला हवी होती. दाराच्या खालच्या कडेजवळ. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग पूर्ण तळवा लावून.

मी बघत होतो. तिच्या कपाळावर आठी आली, मग ती आठी गेली, आणि ती जाणं वाईट होतं. तिने डोळे उघडले.

"नाही, आजोबा."

"नाय?"

"इथे काही नाही. सपाट आहे." ती हात पुसायला लागली, ओढणीला, परत परत, हाताला काही लागलेलं नसताना. "वरचं काय, जोडच असेल तो. चला. उशीर होतोय."

आता हे मला लिहायला जड जातंय, पण त्या क्षणी मला आधी बरं वाटलं. मी म्हणत होतो तेच निघालं, असं. दोन पावलं मी दोरीकडे वळलोही. नाही म्हणायची पाळी माझ्यावर नव्हती, तिनेच म्हटलं होतं. घरी जाऊन मुलाला फोन लावायचा, मोडलं म्हणून सांगायचं.

मग माझ्या ध्यानात आलं की तिला ती उलट्या पट्टीची चूक ठाऊक नाही. तिला माहीत असतं तर ती खाली शोधत बसली नसती. तिला त्याला वाचवायचं असतं तर डोळे मिटून म्हणाली असती, हो, आहे, मला काय कळणार होतं. माझी बोटं दगडाची हे तिला माहीत. ती एक शब्द खोटं बोलली असती तर तिचं लग्न झालं असतं. ती बोलली नाही.

आणि शेपटीची गोष्ट सगळ्या मैदानावर फक्त माझ्यापाशी होती.

"रसिका," मी म्हणालो, "वर बघ."

"वर बघितलं."

"खूप वर नाय. पोटाशी. खाली शोधलंस तिथून वीतभर वर."

"तिथे काय असणार?"

"मला काय ठाव? बघ."

ती परत आली ती माझ्यावर वैतागून आली. डोळे मिटले नाहीत, नुसतं बोट टेकवलं, लहान पोराची समजूत काढावी तसं. आणि बोट थांबलं. मग तिने डोळे मिटले.

ते बोट आता चालत नव्हतं, धावत होतं. वर गेलं, टोकाशी दुभंगलं, एक फाटा, परत खाली, दुसरा फाटा. मग गोल पोट, बारीक होत गेलेलं डोकं, आणि खाली डोक्यापाशी तीन बारीक रेघा, नखांच्या.

"शेपूट वर आहे," ती म्हणाली. "आजोबा, मासळी उलटी आहे. कागदावर तर..." ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कसं माहीत?"

"मला त्याने सांगितलं हुतं. चुकून पट्टी उलटी लागली."

"कधी?"

"खाणीत."

"आणि तुम्ही मला हात पुसत उभी ठेवलीत."

मी दोरीकडे वळलो. जवान म्हणाला, "झालं का? साहेब वळतायत."

आम्ही दोरीबाहेर येतोय तोच मागून आवाज आला. "जय भीम, बाबा."

सावित्री. अमरदीपची आई. हातात पिशवी, डोक्यावर पदर. किती वेळ उभी होती देव जाणे, पण आमचा देवावर विश्वास नाही, म्हणून मी तिलाच विचारलं, "कधीपासून हायसा हितं?"

"बाजाराला आले हुते." देवरूखला चांगला बाजार आहे. रत्नागिरीला बाजाराला येण्याचं काही कारण नव्हतं. पिशवी रिकामी होती.

"पोरीला दिसत नाय का वो नीट?" तिने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं. "डोळे मिटून चाचपत हुती. खरं सांगा. तुमी पोराला एवढ्या खेपा घालायला लावल्यात, एवढं विचारलंत, माझ्या मनात तवाच आलं, हे लोक आपल्यालाच एवढं तपासतायत म्हणजे त्यांच्याकडंच काय तरी असंल."

"ती दिवसभर सुईने रक्त काढते," मी म्हणालो. "न दिसणाऱ्याच्या हातात सुई देतील काय?"

तिने विचार केला. पटलं असावं. पण ती तिथून हलली नाही. राखाडी दाराकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा त्या दिवशी आमच्या भिंतीकडे बघताना होता तसाच झाला.

"तुमाला काय वाटतं?" ती म्हणाली. "त्यानं खरंच काढलं हुतं?"

मी चाट पडलो. "तुमी आई हायसा."

"म्हणूनच इचारते. आठवीत असताना त्यानं चित्रात बक्षीस मिळालं म्हणून सगळ्या वाडीला सांगितलं हुतं. मी शाळेत पेढे घेऊन गेले, तर बाई म्हणाल्या, स्पर्धाच झाली नाय. तवापासनं तो काय पण बोलला तर माझी मान हलत नाय. गरुड काढला म्हणाला तवा पण नाय हलली. आज आले, म्हटलं निदान आपल्या डोळ्यानं बघू. तर हे असं. परातीसारखं सपाट."

म्हणजे ज्या मानेवरून मी महिनाभर संशय धरला, ती मान माझ्याच जातीची होती. संशयाच्या जातीची म्हणतोय.

रसिकाने हे सगळं ऐकलं होतं. तिने जवानाकडे नुसतं बघितलं. तो बिचारा म्हणाला, "आता हे शेवटचं हां," आणि दोरी पुन्हा उचलली. तिने सावित्रीची पिशवी माझ्या हातात दिली, तिचं बोट धरलं आणि दारावर ठेवलं.

"ही शेपूट, आई. हा एक फाटा, हा दुसरा. आता खाली या."

आई म्हणाली ती. कोणी सांगितलं नव्हतं.

सावित्रीची बोटं चुलीपाशी काम केलेली, पण माझ्यासारखी मेलेली नव्हती. ती हळूहळू खाली आली, परत वर गेली. तिचे ओठ हलत होते.

"शेपूट वर काढलीय मेल्यानं," ती म्हणाली. "त्याचंच हाय. पतंगाला शेपूट लावायचा तर ती पण वरच लावायचा. मंग उडायचा नाय, आणि रडत घरी यायचा." तिने पदराने डोळे पुसले आणि मग ते पुसलेलं कोणी बघितलं का ते बघितलं. "बाबा, तुमी बघितलंत ना? तुमाला लागली?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. रसिकाला ठाऊक होतं माझ्या बोटांचं. मी पुढे झालो, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिने दाखवलं तिथे बोट ठेवलं. गरम पत्रा होता. वर नेलं, खाली आणलं. दुसरं काही नव्हतं.

"लागली," मी म्हणालो. "दोन्ही फाटे लागले. आता तारीख कधीची धरायची ते बोला."